कॉलेजची सोयरिक

माझं कॉलेज ठरवायला आमच्या घरून जे दोघे निघाले, त्यांतल्या एकानेही जन्मात कॉलेज पाहिलेलं नव्हतं, आणि त्याचा दोघांनाही तिळमात्र संकोच नव्हता. एक माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चूल वेगळी असली तरी घराचे कर्ते. दुसरे लटारीभाऊ. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच घरांतून त्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती. तरी नवी सोयरिक निघाली की लोक पुन्हा त्यांच्याच दारात उभे. त्या दिवशी मोठेबाबांनी लग्नकार्याचं धोतर नेसलं, लटारीभाऊंनी पेटीतलं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, मायने फडक्यात तांदळाच्या भाकरी आणि कैरीचं लोणचं बांधून दिलं. वाटेत कोणी विचारलं, "सकाळी सकाळी कुठी निंगाले जी?" तर मोठेबाबा थांबायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "पोट्ट्यासाठी घर पाहाले चाललो."

ही थट्टा नव्हती. आमच्या झाडीपट्टीत मुलगी द्यायची असली की वडीलधारी माणसं आधी मुलाचं घर पाहून येतात. पाहायचं काय तेही ठरलेलं. कोठ्यातले बैल कसे आहेत, बांबूच्या ढोलीत धान किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, आणि पाहुणे दारात गेल्याबरोबर पाय धुवायला पाणी कोणी आणून देतं की नाही. नवरामुलगा दिसला तर दिसला. परक्या घरी लेकरू पाठवायची ही एकच रीत त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी माझ्या कॉलेजला लावली.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. चांद्याला (तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे) बोर्डिंगात राहून मी मॅट्रिक झालो होतो आणि निकालानंतर घरी येऊन बसलो होतो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो, कारण गावातला पहिला मॅट्रिक म्हणून मला कोणी कामाला हात लावू देईना. सकाळी उखळात मुसळ पडायला लागलं की जाग यायची. मग ढोरं सुटायची, त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठकठक आवाज रानाकडे जाता जाता विरून जायचा. माय तांदळाची पेज समोर ठेवायची, वर मिठाचा खडा आणि भाजलेल्या सुकटाची चिमूट. मी ओसरीवर ती पीत बसायचो आणि येणारा-जाणारा मला पाहून जायचा, जसं पटाच्या शर्यतीआधी बैलजोडीला पाहून जातात. कोणी म्हणायचा तहसीलदार होईल, कोणी म्हणायचा नाकेदार. जंगलखात्याचा नाकेदार हीच त्यांच्या डोळ्यांपुढची सर्वांत मोठी असामी होती, कारण तो आला की कोंबडी कापावी लागे.

मला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी स्वतः खटपट करून नागपूरच्या एका सायन्स कॉलेजात माझी जागा मिळवली होती, फी माफ आणि होस्टेलात खोली. त्यांचे उपकार मी कोणत्या शब्दांत लिहू? माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते माझ्या रक्ताच्या कोणत्याही माणसाला करता आलं नसतं. आणि दुसरं बोलावणं एका नव्या कॉलेजचं. ते नदीअलीकडच्या एका तालुक्याच्या गावी त्याच वर्षी निघत होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तांदळाच्या गिरणीचं रिकामं गोदाम हे त्याचं भवन आणि एक वकीलसाहेब त्याचे सेक्रेटरी. निवडणुकीत पडल्यानंतर त्यांना शिक्षणाची तळमळ लागली होती. कॉलेजला मान्यता मिळायला विद्यार्थ्यांची डोकी हवी होती, म्हणून ते जीप घेऊन गावोगाव डोकी गोळा करत हिंडत होते. राहणं फुकट, जेवण फुकट. फक्त तिथे विज्ञान नव्हतं, नुसतं आर्ट्स.

आज हे वाचणाऱ्याला वाटेल, यात ठरवायचं काय होतं? पण मी खरोखर डळमळीत होतो. नागपूर मी पाहिलं नव्हतं. तिथली मुलं कशी बोलतात, त्यांच्यासमोर आपली भाषा कशी वाटेल, याची धास्ती होती. नवं कॉलेज जवळ, सणाला गावी येता येईल, मायच्या हातची आंबील मिळेल. मी एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. घरात मला कोणी विचारत नव्हतं आणि न विचारता मोठ्यांसमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. फक्त नागपूरची जागा मुदतीत जाऊन घेतली नाही तर दुसऱ्याला देतील, एवढं मास्तरांनी बजावून सांगितलं होतं. ती मुदत जवळ आली होती.

घर पाहायला गेलेले दोघे चार-पाच दिवसांनी परतले ते ऐन जेवणाच्या वेळी, बाजूची चार माणसं बरोबर घेऊन. ऐकायला कोणी असल्याशिवाय लटारीभाऊ बोलत नसत. बाबा, म्हणजे माझे वडील, ओसरीच्या कोपऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा दोराकडे पाहायला लागले. थोरल्या भावासमोर ते असेच असत.

"पहिले नागपूर," लटारीभाऊंनी सुरुवात केली. "घर मोठं हाये, खोटं नाई बोलत. दगडाचं. पण माणसं? अरे बाप्पा! आम्ही दारात उभे. एक चष्मेवाला बाबू आला. म्हणते, किसको मिलना है? मी म्हटलं, आम्ही पोराकडचे, घर पाहाले आलो. तर हासते!"

"पाणी इचारलं का?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"पाण्याचं नाव नको!" मोठेबाबा म्हणाले. "इतके पोट्टे येऊन राह्यले, जाऊन राह्यले, एकाच्या तोंडून निंगालं नाई का बाबा, बसा. अन् सारे पँटवाले. बैल एक नाई. कोठा कुठी म्हणून इचारलं तर तो बाबू मले सायकली ठेवायची जागा दाखवते."

"ते सोडा. अंदर का पायलं ते सांगतो." लटारीभाऊंनी आवाज खाली आणला. "माणसाचा सापळा! कवटीसकट. काचेच्या अलमारीत उभा करून ठेवला, जसा का घरचा पाहुणा. अन् बाजूनं बरण्या. बरणीत बेंडकं."

"खातात का जी?"

"का मालूम! अन् एका काचेच्या पेटीत तराजू, एवढुसा. मी म्हटलं, यात का तोलता? तर म्हणे, यात डोक्याचा केस ठेवला तरी त्याचं वजन सांगते."

मोठेबाबांनी मान हलवली. "ज्या घरी केस तोलतात," ते म्हणाले, "ते घर पोट्ट्याले पोटभर जेवाले देईन का?"

सगळी ओसरी हसली. त्या वाक्याची पुढे गावात म्हण झाली. मी मात्र खांबाला टेकून उभा होतो आणि माझं डळमळणं त्या क्षणी संपलं. केस तोलता येतो! मास्तरांनी आम्हाला अशा तराजूबद्दल नुसतं फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. शाळेकडे तो नव्हता. आणि इथे दोन माणसं तो प्रत्यक्ष पाहून आली होती आणि त्याचा दोष म्हणून उल्लेख करत होती. त्यांनी नागपूरच्या कॉलेजच्या जितक्या खोडी सांगितल्या, तितकी मला तिथे जायची कारणं मिळाली. इतक्या मूर्खपणातून इतका नेमका सल्ला मला पुन्हा कधी मिळाला नाही.

"मंग दुसरं घर?" बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अहाहा!" लटारीभाऊ म्हणाले. "त्याले म्हणतात घर. वकीलीणबाईनं सोता पाय धुवाले पाणी देलं. कोंबडा कापला. वडे. मंग पानसुपारी. कोठ्यात दोन जर्सी... का म्हणतात त्याईले, मोठ्या मोठ्या गाई. अन् विहीर! मी सोता बादली टाकून पाणी पेलो. गूळ!"

"कॉलेज पायलं का?"

"कॉलेजचं गोदाम बाजूलेच हाये. बंद होतं. वकीलसाहेब म्हणे, किल्ली चपराशाजवळ हाये."

"मंग?"

"मंग का? घर चांगलं दिसलं, माणूस चांगला दिसला." मोठेबाबांनी मांडीवर हात ठेवला. "सुपारी फोडून आलो."

दोघांतिघांनी "बरं झालं, बरं झालं" म्हटलं. आमच्याकडे सुपारी फोडली म्हणजे शब्द दिला. तो मोडला तर मोडणाऱ्याने दंड म्हणून साऱ्या गावाला जेवण घालायचं आणि वर तोंड लपवत फिरायचं. वकीलसाहेब याच मुलखातले होते, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन भोळ्या म्हाताऱ्यांसमोर त्यांनी मुद्दाम ताट मांडलं, कुंकू लावलं आणि सुपारीवर अडकित्ता ठेवला. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाने आपल्या विद्येचा जो एवढा एकच उपयोग माझ्या माहितीत केला, तो हा.

आता या वयात माझ्याकडे आईबाप मुलांना घेऊन येतात. सर, या कॉलेजला घ्यावं की त्या? मी विचारतो, पाहून आलात का? हो, पाहून आलो, इमारत छान आहे, कॅन्टीन स्वच्छ आहे, बस दारापर्यंत येते, पोहण्याचा तलाव आहे. शिकवतं कोण, असं विचारलं की दोघे एकमेकांकडे पाहतात. मग मी मुलाला विचारतो, तुला काय शिकायचंय? उत्तर त्याची आई देते. अशा वेळी मला हटकून त्या ओसरीचा वास येतो. इतकंच की लटारीभाऊंनी निदान विहिरीत बादली टाकून पाणी चाखलं होतं. हे लोक रंगीत कागदावरचा फोटो पाहून येतात आणि त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

माझी मोठी बहीण कौसल्या तेव्हा माहेरी आली होती. तिला मी बाई म्हणायचो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिला वरोऱ्याजवळ, काळ्या मातीच्या कपाशीच्या मुलखात दिली होती. भातावर वाढलेली मुलगी तिथे ज्वारीच्या भाकरी थापत होती. घरामागच्या सांदवाडीत पाटावर बसून, पाय लांब करून, ती पायांवर तान्ह्या मुलाला न्हाऊ घालत होती. मी जाऊन जवळ उभा राहिलो. पोरगं रडत होतं आणि ती तांब्याने पाणी घालत होती.

"ऐकलं ना, बाई?"

"ऐकलं. घरभर ऐकू येऊन राह्यलं होतं." तिने पोराच्या डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. "माहं घर पाहाले पण लटारीभाऊच गेले होते. तिथंही त्याईनं विहिरीचं पाणी पेलं होतं. तेव्हाही गूळच म्हटलं होतं."

"मग खोटं होतं का?"

"खोटं काऊन असंन? गोडच हाये. त्या मुलखात साऱ्याइच्या विहिरी मचूळ, आमची एकटी गोड. म्हणून तर अर्धी आळी आमच्या इथून पाणी नेते. सासू कोणाले नाई म्हणत नाई, धर्म हाये म्हणते. अन् शेंदते कोण?" तिने उजवा तळहात माझ्यासमोर उलटा केला. दोराचे घट्टे पडले होते, बैल हाकणाऱ्या माणसाच्या हातावर पडतात तसे. मग तिने त्याच हाताने पोराचं डोकं चोळलं. "तुले कोणतं पाहिजे?"

हा प्रश्न मला त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"नागपूर."

"काऊन?"

"तिथे केस तोलतात."

ती इतकी हसली की पोरगं रडायचं थांबून तिच्याकडे पाहायला लागलं. "मंग तसं सांग ना त्याईले."

"मोठ्यांसमोर कसं सांगू?"

"तोंडानं," ती म्हणाली. "दुसऱ्या कशानं सांगतात?"

मला न्यायला जीप आली ती बाजाराच्या दिवशी. नदीला अजून पाणी चढलं नव्हतं, वाळूतून घसरत, धूर सोडत ती गावात शिरली. वकीलसाहेबांनी माझ्यासाठी हार आणला होता. ओसरीवर सतरंजी अंथरली, गुळाचा चहा झाला, सारा पुरुषवर्ग जमला. वकीलसाहेब बसून बोलत होते, पण भाषण उभ्याचं होतं. "या रानात असे हिरे लपलेले आहेत. त्यांना पैलू पाडण्याचं काम आमची संस्था करणार. शहरात जाऊन हा मुलगा आपली माती विसरेल, आपली माणसं विसरेल." हिरा आपल्याबद्दलच बोललं जातंय हे कळून अवघडून बसला होता. मोठेबाबा प्रत्येक वाक्याला "बरोबर, बिलकुल" म्हणत होते. शेवटी त्यांनी हार उचलला आणि म्हणाले, "ऊठ रे, साहेबाच्या पाया पड."

मी उठलो. पाया पडलो नाही. माझा आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही.

"मले नागपूरले जायचं हाये."

मोठेबाबांचा हात हवेत राहिला. मग ते हसले, लहान पोराने भर पंगतीत काही वेडंवाकडं बोलावं आणि मोठ्याने सांभाळून घ्यावं तसे. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "सुपारी फुटल्यावर सांगून राह्यला पोट्टा! अरे, नवरीले कोणी इचारते का?"

सगळे खो खो हसले. वकीलसाहेबही हसले.

"नाई इचारत, मोठेबाबा," आतल्या दारातून आवाज आला. "मले कुठी इचारलं होतं?"

कौसल्या चौकटीत उभी होती, पोरगं कडेवर, पदर डोक्यावर. सासरी दिलेली मुलगी परक्या पुरुषांच्या बैठकीत बोलली, हे आमच्या गावात पूर्वी घडलं नव्हतं. हसणं थांबलं. लटारीभाऊ चहाच्या रिकाम्या कपात काहीतरी शोधू लागले.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "ताई, संसाराची गोष्ट वेगळी, शिक्षणाची वेगळी."

"तुमच्या इथी विज्ञान हाये का जी?"

"पुढच्या वर्षी सुरू करणार आहोत."

"मंग पुढच्या वर्षी या," ती म्हणाली आणि आत गेली.

मोठेबाबांचा चेहरा लाल झाला होता. ते बाबांवर ओरडले, "पोरीची जबान पाय! शब्द देला हाये मी. तू काऊन गप्प बसला?"

बाबांनी हातातला दोर खाली ठेवला. मी त्यांना जन्मभर त्या माणसासमोर मान खाली घातलेलं पाहिलं होतं. तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही, दोराकडे पाहतच ते म्हणाले, "सुपारी तुनं फोडली, दादा. पोरगा माहा हाये. दंड मी देतो."

जीप रिकामी गेली. हार मोठेबाबांच्या हातातच राहिला होता, तो त्यांनी खुंटीला लटकवला आणि तो तिथेच वाळला. दंडाचं गावजेवण पुढच्याच दोन दिवसांत झालं. घरचे दोन बकरे गेले आणि रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरांसाठी राखलेला तांदूळ शिजला. सुपारी मोडली म्हणून नाक मुरडणारं सगळं गाव पंगतीत वेळेवर हजर होतं. लटारीभाऊंनी रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला आणि बोटं चाटत मला सांगितलं, "भाऊ, मले पहिल्यापासून नागपूरच बरं वाटलं होतं. पण तुह्या मोठ्याबासमोर बोलावं कोणी?" मोठेबाबा जेवायला आले नाहीत. त्या वर्षी चिखलणीला त्यांनी आम्हाला बैल दिले नाहीत आणि बाबांनी मागितलेही नाहीत. शेजाऱ्यांच्या बैलांची वाट पाहण्यात आमची रोवणी मागे पडली. हे मला दिवाळीत घरी गेल्यावर कळलं.

नागपूरला निघालो तेव्हा कौसल्याही माझ्याबरोबर सासरी परत निघाली. खरं तर तिला आणखी महिनाभर राहायचं होतं. पण त्या बैठकीनंतर मोठेबाबांच्या घरच्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, आणि मायनेच म्हटलं, जा बाई आता. बैलगाडी, मग तोवर नदीला पाणी चढलं होतं म्हणून डोंगा, मग बस, मग चांद्याहून रेल्वे. गाडीत तिने पोराला मांडीवर झोपवलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. धानाच्या बांध्या कधी संपल्या आणि काळी रानं कधी सुरू झाली ते तिने मला बोटाने दाखवलं. माजरीला कोळशाची धूळ आत आली तेव्हा पदराने पोराचं तोंड झाकलं. आम्ही फार बोललो नाही. आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मला सुचलंही नाही.

वरोऱ्याला तिचा दीर घ्यायला आला होता. फलाटाच्या कुंपणापलीकडे त्याची बैलगाडी उभी दिसत होती. तिने पोरगं खाली त्याच्याकडे दिलं, गाठोडं दिलं, आणि उतरून पुन्हा खिडकीशी आली.

"नागपुरात कोणी इचारलं, तुले का पाहिजे, तर खाली पाहू नको," ती म्हणाली. "सांगजो."

"चाल ना वहिनी," दीर ओरडला, "ऊन चढून राह्यलं."

ती गेली. आमची गाडी हलली तेव्हा ती बैलगाडीत बसली होती आणि पुढे वाकून दिराला काहीतरी विचारत होती. तो बैलांकडे पाहत होता.